ऊन ऊन टॉवेल

चेस्टर डोम्ब्रोस्कीला कुणी विचारलं की बाबा, जन्मभर काय केलंस, तर तो म्हणायचा, "लोकांच्या चड्ड्या वाळवल्या." आणि ते काही खोटं नव्हतं. बफेलो शहराच्या पूर्वेला आमची वस्ती. इथे हिवाळा एकदा घरात शिरला की नको असलेल्या पाहुण्यासारखा एप्रिल संपेपर्यंत पाय पसरून बसतो. बाहेर दोरीवर विजार टाकली तर संध्याकाळी ती फळीसारखी काखेत मारून घरात आणावी लागते. म्हणून आमच्याकडे घरोघरी तळघरात कपडे वाळवायचा ड्रायर असतो, तोही गॅसवर चालणारा. चेस्टर हे ड्रायर दुरुस्त करायचा. एका दुकानाच्या गाडीतून गल्लोगल्ली हिंडून त्याने गुडघे झिजवले, आणि निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारचे लोक त्यालाच हाक मारत राहिले.

हा माणूस तोंडाचा फटकळ होता. तळघरात उतरायचा, ड्रायरच्या मागची पत्र्याची नळी काढायचा आणि आतून कपड्यांचा पिंजलेला भुसा मूठ मूठ बाहेर ओढत घरच्या बाईला ऐकवायचा, "बाई, ह्याला बद्धकोष्ठ झालंय. आत हवा आली पाहिजे, बाहेर गेली पाहिजे. मधे तुंबलं की तुमचंही मरण आणि ह्याचंही." त्या भुशात त्याला काय काय सापडे. बटणं, केसांच्या पिना, जपमाळेचे मणी, आणि एकदा कुणाचा तरी बसवलेला दात. तो दात त्याने धुऊन, कागदात गुंडाळून, मालकाच्या हातात अदबीने ठेवला होता.

लॉटीची आणि त्याची गाठ पडली तीही ड्रायरमुळेच. तेव्हा तो नुकता कामाला लागला होता. लॉटीच्या आईने दुकानात तक्रार केली, कपडे वाळत नाहीत. चेस्टर तळघरात उतरला आणि बघतो तर काय, बाईने मागची नळी भिंतीतून उपसून काढलेली, तिच्या तोंडावर आपला जुना पायमोजा चढवलेला, वर रबराचे दोन वेढे. मोजा भुशाने फुगून डुकराच्या तंगडीएवढा झाला होता. आमच्या आया ही युक्ती सर्रास करायच्या. ड्रायरची ऊब बाहेर बर्फात कशाला दवडायची? मोज्यात भुसा अडकतो, गरम हवा घरात राहते. विजेच्या ड्रायरला ते एक वेळ खपून जातं. पण ह्या बाईने ड्रायर बदलून गॅसचा घेतला होता आणि मोजा मात्र तोच ठेवला होता.

"तुम्हाला सगळ्यांना देवाघरी जायची एवढी घाई आहे का?" चेस्टर ओरडला.

"तू ड्रायर बघ," म्हातारी म्हणाली. "माझ्या मोज्यात डोकं घालू नकोस."

जिन्यात बसलेली एक मुलगी खुदकन हसली. ती लॉटी. चेस्टरने मग त्या दोघींना समजावून सांगितलं की इथे आत ज्योत जळते, तिची जळकी हवा घरात साचली तर तिला ना रंग ना वास, माणूस खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो तो उठत नाही. म्हातारीला काही ते पटलेलं दिसेना. तेव्हा त्याने मोजा सरळ आपल्या खिशात घातला, नळी भिंतीत बसवली, आणि पुढच्या आठवड्यात 'म्हातारीने परत मोजा लावला का' हे बघायला आला. मग दर आठवड्याला येत राहिला. लग्नात त्याच्या मित्राने, समोरच्या स्टॅशने, ग्लास उंचावून सगळ्या गावाला सांगितलं, "लोकहो, ह्याने आधी सासूचा मोजा चोरला आणि मग पोरगी!" पुढे जन्मभर लॉटी ही गोष्ट सांगायची. बारशाला सांगायची, मर्तिकाच्या जेवणातसुद्धा सांगायची, आणि दर वेळी मोजा थोडा जास्त फुगायचा.

संसार चांगला झाला. मुलगी एकच, मार्सी. ती लग्न करून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात गेली. "जिथे कपडे बाहेर टाकले की वाळतात, तिथे माझं काय काम," असं म्हणून चेस्टर तिच्याकडे कधी फारसा गेला नाही.

मग लॉटी विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग माणसं, मग ताटात काय वाढलंय ते. डॉक्टरने रोगाचं नाव सांगितलं त्या दिवशी दोघं गाडीत येऊन बसली, तरी चेस्टरला गाडी सुरू करवेना. लॉटीची अक्कल त्या दिवशी अगदी लख्ख जागेवर होती.

"चेस्टर, मला त्या म्हाताऱ्यांच्या घरात टाकू नकोस," ती म्हणाली.

"कोण टाकतंय तुला?"

"आईला आपण टाकलंच ना? ती गेली तेव्हा तिच्या अंगावर कुणा दुसऱ्याच बाईचा स्वेटर होता. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. माझ्या अंगावर मला माझे कपडे पाहिजेत."

"तुझे कपडे मी वाळवीन," चेस्टर म्हणाला. "माझ्या तळघरात. माझ्या ड्रायरमध्ये." आणि ते वचन त्याने मनाशी गाठ मारून ठेवलं.

दिवस कलायला लागला की लॉटीचं घाबरणं सुरू व्हायचं. ती दाराशी जायची, कडी खडखडवायची, "मला घरी जायचंय" म्हणून रडायची. घरात बसून घरी जायचंय म्हणणाऱ्या माणसाला कुठे न्यायचं? चेस्टरने गोळ्या देऊन पाहिल्या, गाणी लावून पाहिली, देवाची करुणा भाकली. शेवटी उपाय सापडला तो ड्रायरमध्ये. एकदा सहज त्याने ड्रायरमधून काढलेले ऊन ऊन टॉवेल तिच्या मांडीवर टाकले, आणि बाई गप्प झाली. टॉवेल गालाला लावला, डोळे मिटले, मग मांडीवर पसरून तीन घड्यांत दुमडला, कडा आतल्या बाजूला, तिच्या आईची पद्धत. एक झाला की दुसरा. सगळ्यांची चळत झाली की ती हात झटकून म्हणायची, "झालं बाई," आणि जेवायला बसायची.

त्या दिवसापासून चेस्टर रोज तीच चळत उचलून तळघरात न्यायचा, टॉवेल पुन्हा पाण्यात बुडवायचा, पिळायचा, पुन्हा वाळवायचा आणि पुन्हा वर आणायचा. कधी कधी एका दुपारी दोनदा, तीनदा.

"अरे, ह्या टॉवेलांनी कुणाचा खून केलाय का?" स्टॅश म्हणाला. "कसली ही सक्तमजुरी?"

"त्यांना काही त्रास नाही," चेस्टर म्हणाला. "तुला होतोय का?"

मार्सी फोनवर म्हणायची, "डॅड, तुमचंही वय झालंय. एक चांगली जागा बघून ठेवलीय मी, तुमच्याच शहरात. नुसती बघून तर या."

"तुझी आई ह्या घरातून कुठे जायची नाही."

"तुम्हाला काही झालं तर?"

"ड्रायर चालतोय तोवर मला काही होत नाही," असं म्हणून तो फोन ठेवायचा. मुलगी वैरी नव्हती, हे त्यालाही कळत होतं. पण वचन त्याने दिलं होतं, तिने नाही.

मधेच एक गोष्ट घडली, ती इथेच सांगितलेली बरी. आमच्याकडे प्रत्येक घरात भिंतीवर एक पांढरी डबी असते. जळकी विषारी हवा घरात साचली की ती बोंब मारते. चेस्टरने उभ्या वस्तीला दमदाटी करून ही डबी घ्यायला लावली होती, स्टॅशच्या घरात तर स्वतःच्या हाताने ठोकली होती. एका संध्याकाळी चेस्टरच्याच घरातल्या डबीची बॅटरी उतरली आणि ती थांबून थांबून चिरकायला लागली. लॉटी इतकी भ्याली, की कोटांच्या कपाटात शिरून कानांवर हात दाबून बसली. तिला बाहेर काढता काढता चेस्टर रडकुंडीला आला. त्याने डबी भिंतीवरून उपटली आणि मोज्यांच्या खणात तळाशी टाकली. नवी बॅटरी घालून परत लावू, असं म्हणाला. मग वाटलं, पुन्हा चिरकली तर? आणि ड्रायर माझा, नळी माझ्या हातची, मी घरात बसलेलो असताना कशाला हवी ती डबी? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माणूस दुसऱ्याच्या घरात शहाणा असतो, हे मी चेस्टरवरूनच शिकलो.

जानेवारीत ड्रायर रुसला. पहिल्या वेळी टॉवेल ऊन निघाले, दुसऱ्या वेळी गार आणि दमट. लॉटीने एक गालाला लावला आणि तिचा चेहरा पडला.

"ओले आहेत."

"होतील नीट, जरा थांब."

"ओले आहेत! ओले आहेत!" तिने टॉवेल भिरकावला, आणि चेस्टर उचलायला वाकला तेव्हा त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. सगळ्या संसारात तिने त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता. ती संध्याकाळ कशी गेली ते त्या दोघांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी चेस्टर ड्रायर पुढे ओढून, खालचा पत्रा काढून, तळघराच्या गार फरशीवर एका कुशीवर आडवा झाला. आतल्या भोकातून बघत राहिला. पेटवायची कांडी लाल झाली, पांढरीफटक झाली, विझली. ज्योत काही आली नाही. त्याला हसू आलं. हे दुखणं त्याच्या पाठांतरातलं होतं. गॅसच्या झडपेवर छोट्या कॉइल बसवलेल्या असतात. त्या म्हाताऱ्या झाल्या की गार असताना काम करतात आणि तापल्या की मान टाकतात. म्हणून पहिला घाणा ऊन, दुसरा गार. नव्या कॉइल त्याच्याकडे खोक्यात होत्या. पूर्वी हे काम म्हणजे त्याच्या हातचा मळ. आता त्याचे हात कापत होते. बारीक स्क्रू बोटांतून निसटून ड्रायरखाली घरंगळला की तो शोधायलाच अर्धी सकाळ जायची.

लॉटी शेजारी स्टुलावर टॉर्च धरून बसली होती. पूर्वीही घरचं काही उघडलं की टॉर्च तीच धरायची, आणि त्याच्या बोटांच्या आधी उजेड त्या जागी पोचायचा. आज उजेड भिंतीवर हिंडत होता, छतावर जात होता, मग त्याच्या तोंडावर येऊन थांबला.

"इकडे, लॉटी. इकडे खाली धर."

"तुझ्या नाकाला काळं लागलंय," ती म्हणाली आणि हसली.

चेस्टर तसाच पडून राहिला. ती 'तुझ्या' म्हणाली होती. अजून आपण तिच्या हिशेबात आहोत, एवढ्यावर त्याला पुढचा स्क्रू सापडला.

संध्याकाळपर्यंत कॉइल बसल्या. गॅसच्या सांध्यांना त्याने ब्रशने साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं. नाही आले. ज्योत भक्कन पेटली तेव्हा ह्या पिकल्या म्हाताऱ्याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. राहिलं ते एवढंच, मागची नळी ड्रायरला जोडून तिच्यावर पत्र्याची पट्टी आवळायची. ड्रायर आणि भिंत यांच्या मधल्या सापटीत हात घालून तो किती वेळ खटपट करत होता. बोटांना पट्टीचा स्क्रू गवसत होता, पण फिरवता येत नव्हता. वर लॉटी दाराची कडी खडखडवायला लागली होती. त्याने नळी नुसती ढकलून बसवली आणि सांध्याला चिकटपट्टी गुंडाळली. ह्याच चिकटपट्टीपायी त्याने कितीजणांची खरडपट्टी काढली असेल! उद्या स्टॅशला बोलावून पट्टी आवळून घेऊ, असं ठरवून तो वर गेला.

उद्या बर्फ आला. तळ्यावरून येणारा आमचा बर्फ पडत नाही, कोसळतो. समोरचं घर दिसेनासं झालं. आमच्याकडे अशा वेळी पहिलं काम कुठलं, तर ड्रायरची नळी भिंतीतून जिथे बाहेर येते ते तोंड मोकळं करायचं. चेस्टरने त्या जागी खूण म्हणून एक जुनी हॉकीची काठी रोवून ठेवली होती. त्याने ड्रायरमध्ये टॉवेल घातले, लॉटीला वर कालच्या चळतीपाशी बसवलं, "मी आलोच" म्हणाला आणि फावडं घेऊन बाहेर पडला. काठी शोधली, बर्फ उपसला, तोंड मोकळं केलं. ड्रायर चालू असला की त्या तोंडावरची झापडी उघडते आणि वाफ बाहेर येते. तो थोडा वेळ बघत उभा राहिला. झापडी मिटलेली होती. वाफ नव्हती.

'घाणा संपला वाटतं,' तो मनाशी म्हणाला आणि पुढच्या पायऱ्यांचा बर्फ काढायला गेला.

नंतर चेस्टर हजार वेळा त्या झापडीपाशी जाऊन उभा राहिला, मनातल्या मनात. झापडी मिटलेली आहे आणि ड्रायर चालू आहे, याचा अर्थ काय, हे त्याने किती जणांना शिकवलं होतं! पण त्या सकाळी तो दमलेला होता, बोटं बधिर झाली होती, आणि आपल्या घरात काही बिघडेल असं कुणाला वाटतं?

आत आला तेव्हा लॉटी खोलीत नव्हती. खाली तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता, ड्रायरची घरघर येत होती. तिने पुन्हा चालू केला असेल. करू दे. घर आज कसं छान उबदार होतं. तो खुर्चीत टेकला. डोकं जड झालं होतं, मळमळत होतं. ह्या वयात फावडं मारल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणत त्याने डोळे मिटले.

दुपारी स्टॅश कोबीचं सूप घेऊन आला. हाक मारली, उत्तर नाही. मग त्याचं लक्ष खिडक्यांकडे गेलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि काचांवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ. स्टॅश शिकलेला नसेल, पण चेस्टरचा शेजारी म्हणून त्याने जन्म काढला होता; ड्रायरची वाफ घरातच कोंडलीय, हे त्याने ओळखलं. हातातलं सूप त्याने तिथेच बर्फात टाकलं, स्वतःजवळची किल्ली लावून दार उघडलं, आणि ओरडला, "चेस्टर! ऊठ मेल्या! ऊठ!"

चेस्टर खुर्चीत लालबुंद तोंडाने कलंडला होता. त्याला काखेत धरून स्टॅशने फरफटत पायरीवर आणून टाकलं, खिडक्या उघडल्या, फोन केला, आणि लॉटीला शोधायला गेला. ती तळघराच्या जिन्यात, मधल्या पायरीवर बसली होती, डोकं भिंतीला टेकलेलं, मांडीवर अर्धवट घडीचा टॉवेल. श्वास होता.

बंबवाले आले. त्यातला एकजण, तोंडावरचा मुखवटा काढून, तळघरातून वर आला. त्याच्या हातात एक बायकी पायमोजा लोंबत होता, भुशाने फुगलेला.

"ड्रायरच्या मागच्या तोंडावर हा चढवला होता," तो म्हणाला. "गॅसच्या ड्रायरला! कुणाची ही अक्कल?"

गाडीच्या मागे ब्लँकेटात बसलेल्या चेस्टरने मोज्याकडे बघितलं. तोंडाशी रबराचे दोन वेढे होते, अगदी म्हातारी घालायची तसे. चिकटपट्टी सोलून, नळी उपसून, तिने ते निगुतीने केलं होतं. कालचं जेवण तिला आठवत नव्हतं, पण हात आईचं काम विसरले नव्हते. बर्फ आला, घर गरम ठेवायला पाहिजे. ती मागे मागे जात होती हे त्याला माहीत होतं. ती कुठवर गेली, ते त्याला आत्ता कळलं. एक तरुण पोरगा तळघरात येऊन तो मोजा काढून खिशात घालतो, त्याच्याही मागे. तिथे चेस्टर नव्हताच.

"तुमच्या घरात डबी नाही का हो भिंतीवर?" बंबवाल्याने विचारलं.

"आहे," चेस्टर म्हणाला. "मोज्यांच्या खणात." आणि त्याने ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं.

दोघं वाचली. मार्सी विमानाने आली. आईपाशी बसली, मग वडिलांच्या खाटेजवळ येऊन उभी राहिली. भांडायची सगळी तयारी करून आली असावी. चेस्टरने तिला बोलूच दिलं नाही.

"तू बघून ठेवलेली ती जागा," तो म्हणाला. "अजून मिळेल का?"

मार्सी खाली बसली आणि रडायला लागली. "डॅड, तुमचा काही दोष नाही यात."

"दोष माझाच आहे. दुसऱ्या कुणाच्या घरात असं सापडलं असतं, तर मी त्याचं कानफाट रंगवलं असतं."

लॉटीला तिकडे ठेवून आल्यावर चेस्टरने तळघरात जाऊन ड्रायरचा गॅस बंद केला, जोडणी सोडली आणि नळाला टोपी बसवली. स्टॅशने विचारलं, "आता तुझे कपडे?" "मला कपडे लागतात कुठे," चेस्टर म्हणाला, आणि खरंच एकाच विजारीत दिवसचे दिवस राहायला लागला.

ती जागा वाईट नव्हती. बायका प्रेमळ होत्या, जेवण बरं होतं. पण दिवस कलला की लॉटी दाराशी जायची. कडी नव्हती, म्हणून काच थापटायची. मग खुर्चीत बसून स्वतःच्या झग्याचा काठ मांडीवर पसरून दुमडत राहायची, तीन घड्यांत, कडा आत. काठ सुटायचा, ती पुन्हा दुमडायची. चेस्टरने ते बघितलं आणि घरी येऊन नळाची टोपी काढली. ह्या खेपेला नळीवर पत्र्याची पट्टी स्टॅशकडून करकचून आवळून घेतली. डबी भिंतीवर लावली.

रोज दुपारी तो टॉवेल वाळवायचा, ब्लँकेटात गुंडाळायचा आणि गाडी काढायचा. जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला. पोचेपर्यंत टॉवेल गार व्हायचे. लॉटी गालाला लावायची आणि मान हलवायची, "ओले आहेत." गार ते सगळं तिच्या लेखी ओलंच होतं. चेस्टर सुके खडखडीत टॉवेल परत घेऊन घरी यायचा. रजईत गुंडाळून झालं, कोटाच्या आत छातीशी धरून झालं. कधी रस्त्यात बर्फ, कधी सिग्नल. रोज तेच.

शेवटी स्टॅशने आपली बिअरची पेटी आणून दिली, फुटबॉलच्या रविवारी आमचे लोक बर्फ घालून नेतात ती जाड झाकणाची. "गार आत ठेवते तशी गरमही ठेवत असेल की," तो म्हणाला. "आत चुकून एखादी बाटली राहिली असेल, तर ती तिथल्या बाईंना दाखवू नकोस म्हणजे झालं." चेस्टरने पेटीच्या तळाशी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घातल्या, वर ड्रायरमधून काढल्या काढल्या टॉवेल, आणि झाकण दाबून बसवलं.

त्या दिवशी लॉटीच्या अंगावर एक हिरवा स्वेटर होता. तो तिचा नव्हता. चेस्टरने बघितलं आणि त्याचा पाय दारातच अडला. परत जाऊन तिथल्या बायकांशी भांडावं असं वाटलं. पण झाकणाखाली टॉवेल निवत होते. त्याने गुडघे टेकून पेटी उघडली आणि वरचा टॉवेल तिच्या मांडीवर ठेवला. ऊन होता.

तिने तो गालाला लावला. डोळे मिटले. त्याला वाटलं, श्वास घेतला तरी हे मोडेल. मग तिने टॉवेल मांडीवर पसरला आणि दुमडला. तो एकेक देत गेला, ती एकेक घडी घालत गेली. सगळ्यांची चळत झाली, तिने वरून हात फिरवला आणि हात झटकले.

"झालं बाई," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून हसली, जिन्यातली ती मुलगी हसायची तशी. "छान चालतोय हो आता ड्रायर. आई उगाच कुरकुरत होती."

"हो," चेस्टर म्हणाला. "आता नाही बिघडायचा."

"फार वेळ मोडला तुमचा." तिने त्याचा हात थोपटला. "निघा आता. अंधारून येतंय. तुमची बायको वाट बघत असेल घरी."

चेस्टरने पेटीचं झाकण लावलं. गुडघ्यावर हात टेकून उठायला त्याला जरा वेळ लागला.

"असेल," तो म्हणाला आणि पेटी उचलून निघाला.